सपरीची अट

"विश्वास आहे ना, मग कागद कशाला," असं म्हणणाऱ्या माणसाची मला पहिल्यापासून चीड येते. असं म्हणणाऱ्यांतले निम्मे भोळे असतात आणि निम्मे बेरकी, आणि टेबलासमोर येऊन बसले की दोघांचे चेहरे सारखेच दिसतात. म्हणून मी दोघांनाही सारखंच वागवते. आधी बसा, पाणी प्या, आणि मग सांगा की समोरचा फिरला तर तुम्ही काय करणार.

घरांचे आणि जमिनींचे विक्रीचे करार लिहिणं हे माझं काम. आमच्या भंडाऱ्यात कोणी त्याला सौदाचिठ्ठी म्हणतं, कोणी इसारपत्र. करार म्हणजे विक्री नव्हे. विक्री पुढे व्हायची असते, आणि काय काय झालं तर ती होईल आणि काय झालं नाही तर मोडेल, हे आज लिहून ठेवायचं असतं. घेणाऱ्याच्या मनात एक भीती असते, देणाऱ्याच्या मनात दुसरी. मी त्या दोन्हींना नंबर घालून कागदावर ओळीनं बसवते. लोकांना वाटतं मी फार थंड डोक्याची बाई आहे. माझ्या आईला विचारा, ती हसेल.

ज्या करारानं माझ्या हाताला घाम आणला, तो माझ्या बाबांचा होता.

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतली ही गोष्ट. मी भंडाऱ्यात एका वकीलसाहेबांकडे ज्युनियर होते आणि रोज जवाहरनगरहून बसनं ये-जा करत होते. बाबा तिथल्या फॅक्टरीत होते. त्या पावसाळ्यात ते रिटायर झाले आणि दिवाळीच्या आत क्वार्टर सोडायचं होतं. मी त्याच क्वार्टरमध्ये लहानाची मोठी झाले. भिंती सरकारच्या, नळ सरकारचा, मागचा पेरू आईनं लावलेला पण तोही सरकारचाच. भिंतीत खिळा ठोकायचा तरी बाबा आधी विचार करायचे की चालेल का. आपलं म्हणावं असं घर आम्हाला कधीच नव्हतं, आणि आता ते दोन-तीन महिन्यांत हवं होतं.

घरं पाहायला सुरुवात केली. वरठीला एक घर पसंत पडलं, सगळं ठरत आलं, आणि आमचं आडनाव कळल्यावर त्या मालकाच्या मुलीचं लग्न अचानक ठरलं म्हणून घर विकायचं राहून गेलं. भंडाऱ्यात एकाला आमच्याशी बोलून झाल्यावर आठवलं की घर अजून भावकीत अडकलेलं आहे. कोणी वावगा शब्द बोललं नाही, दोन्हीकडे चहा मिळाला. परत येताना बाबा बसच्या खिडकीबाहेर बघत बसायचे आणि मी आतल्या आत धुमसत असायचे.

मग कारध्याचं घर निघालं. नदीच्या पलीकडे, भंडाऱ्याच्या समोरच. एका ढिवर कुटुंबाचं होतं. आत दोन खोल्या, वर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, छप्पर, आणि पुढे घराच्या मानानं भलतीच लांब सपरी. आमच्याकडे ओसरीला सपरी म्हणतात. या सपरीच्या वाशांना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक जाडजूड गुंडाळी टांगलेली होती. जुनं मासे धरायचं जाळं होतं ते. बाबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते सपरीची लांबी पावलांनी मोजत होते.

"इथं भिंत घातली का तुही खोली होते," ते मला म्हणाले. "ऑफिस. बाहेर बोर्ड लावू तुह्या नावाचा."

बाबा एका दमात इतकं कधी बोलत नसत. मी त्या जागेकडे बघत राहिले, आणि मला तिथं टेबल दिसलं, कपाट दिसलं, बाहेरची पाटीसुद्धा दिसली.

विकणारा माणूस चाळिशीतला होता. आईबाप गेलेले, नदीवरचं काम सोडून तो नागपूरला साळ्याकडे कामाला निघाला होता. "भाऊ, तुमाले घेनं असंल तं घ्या," तो बाबांना म्हणाला. "घेनारा कोन, हे मी नाई पाहात." इतकी घरं पाहिल्यावर हे ऐकायला मिळालं, आणि बाबा तिथंच विरघळले. दुसऱ्या दिवशी मी कोर्टात असताना ते एकटे गेले आणि बयाणा देऊन आले.

संध्याकाळी मला कळलं. मी पहिला प्रश्न विचारला, तो कोणीही विचारला असता.

"घर कोणाच्या नावावर आहे?"

"त्याच्या," बाबा म्हणाले. "अन् बहिनीच्या."

"मग बहीण कुठे आहे? तिची सही?"

"तिनं लुगडं घेतलं ना. बापाच्या तेरवीले."

हे त्यांनी असं सांगितलं, जणू रजिस्ट्री ऑफिसचा शिक्काच दाखवला. आमच्या भागात ही रीत आहे. बाप गेल्यावर भाऊ बहिणीला लुगडं-चोळी करतो, आणि तिनं ते हातात घेतलं की घरादारावरचा तिचा हक्क सुटला असं सगळे समजतात. त्यावर पुन्हा कोणी बोलत नाही, बहीणसुद्धा नाही. माझ्या सख्ख्या आत्यानं आजोबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बाबांच्या हातून लुगडं घेतलं होतं आणि मग कधी शेताकडे वळून पाहिलं नव्हतं. आम्ही छप्पन साली धर्म बदलला, पण लुगडं तेवढं राहिलं. विकणाऱ्याला त्यात काही चुकलंय असं वाटलं नाही, गावाला वाटलं नाही, आणि माझ्या बापालाही वाटलं नाही, कारण तिघेही त्याच रीतीत वाढलेले.

मी त्या दिवशी फार बोलले. लुगड्यावर अंगठा उठत नाही, असंही बोलले. बाबा ऐकून घेत राहिले. शेवटी म्हणाले, "झालं आता. तू कागद नीट कर."

मी कागद नीट करायला बसले. बहिणीची सही नसताना विक्री करून घेणं म्हणजे अर्धं घर घेणं. तेव्हा सगळा भार एका अटीवर आला. ती मला अजून पाठ आहे: "लिहून देणार यांची बहीण हिने खाली लिहिलेल्या तारखेपर्यंत विक्रीपत्रावर सही करून दिली, तर लिहून घेणार यांनी त्याच दिवशी विक्रीपत्र नोंदवून घ्यावे. तिने सही न दिल्यास हा करार आपोआप रद्द समजावा आणि बयाणा परत करावा." यानं बाबांची पुंजी वाचत होती. घर वाचत नव्हतं.

तारीख कोणती घालायची, यावर पुन्हा वाद झाला. मी दिवाळीपर्यंत म्हणत होते. विकणारा तयार नव्हता, कारण त्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईक होतं, आणि त्या गिऱ्हाइकाला बहिणीच्या सहीची पडलेली नव्हती. बाबांना तर विजयादशमीच हवी होती. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपल्या घरात वंदना घ्यायची, हे त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं. त्या दिवशी सुटी, म्हणून आदला दिवस ठरला. मुदत वाढवण्याचं कलम मी घालून पाहिलं, विकणाऱ्यानं ते काढायला लावलं. करारावर सह्या झाल्या आणि मी मनात म्हटलं, आता सगळं त्या बाईवर आहे जिला आम्ही कोणी पाहिलेलं नाही.

ती तिरोड्याकडच्या एका गावात दिली होती. तो भाग आता दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला. भाऊ तिच्या गावच्या किराणा दुकानात फोन करायचा आणि आम्हाला सांगायचा, "येते म्हनते, येते." भाद्रपद गेला. पितृपक्ष गेला. आईनं क्वार्टरमधली भांडी पोत्यात बांधली, मग स्वयंपाकाला लागतात म्हणून एकेक सोडत गेली, पुन्हा बांधली. मी ऑफिसात दुसऱ्यांचे करार लिहिताना तारखेच्या जागी आमचीच तारीख लिहून ठेवायचे. शेवटी दुकानदाराकडून निरोप आला, "दसऱ्यानंतर पाहू."

मला जे वाटायचं ते वाटलं. भाऊ घेणाऱ्याची जात पाहत नाही, पण बहीण पाहते. इतकी घरं पाहिल्यावर माझ्या मनात दुसरं काही येणं शक्य नव्हतं, आणि आजही तसाच निरोप आला तर पहिल्यांदा तेच येईल. बाबांना मी म्हटलं, "संपलं."

"जाऊन पाहू," बाबा म्हणाले.

भाऊ यायला तयार झाला नाही. "मी गेलो तं भांडनच होते," एवढंच म्हणाला. मुदत संपायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं वरठीहून पॅसेंजरनं तिरोड्याला गेलो, आणि तिथून काळीपिवळीत दाटीवाटीनं बसून त्या गावाला. बाबांच्या मांडीवर पिशवी होती. पिशवीत एक नवं लुगडं होतं. आईनं ते कधी आणलं मला माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नाही, कारण विचारलं असतं तर भांडले असते.

ती घरी नव्हती. तलावात होती. शिंगाड्याचा हंगाम होता. तलावाच्या मधोमध हिरव्या पानांत एका लहानशा डोंग्यात वाकून ती शिंगाडे तोडत होती. पाळीवरच्या, म्हणजे तलावाच्या बांधावरच्या, एका बाईनं हाक मारली तर तिनं हात वर केला आणि पुन्हा खाली वाकली. आम्ही पाळीवर उभे राहिलो. ऊन चढत होतं. माझ्या मनात परतीच्या गाडीची वेळ होती, उद्याची तारीख होती, आणि ही बाई आम्हाला मुद्दाम ताटकळत ठेवतेय असा राग होता.

शेवटी बाबांनीच आवाज दिला. "बाई, मी कारध्याचं घर घेऊन राहिलो."

"मंग घ्या," ती पाण्यातून म्हणाली.

"तुमची सही लागते."

त्यावर तिनं डोंगा वळवला आणि काठाजवळ आणला, पण ती उतरली नाही. पन्नाशीकडे झुकलेली, उन्हानं रापलेली बाई. शिंगाड्याच्या काट्यांनी बोटं काळी पडलेली. तिनं आम्हाला दोघांनाही खालून वर पाहिलं.

"तुमी कोन?"

"जवाहरनगरचा. फॅक्टरीत होतो."

"हे नाई इचारलं मी."

आता येतो तो प्रश्न, मला वाटलं. बाबांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी तिला तो विचारायची वेळच येऊ दिली नाही. "आमी बौद्ध," ते सरळ म्हणाले.

"हे बी नाई इचारलं," ती म्हणाली. "सपरीचं काय करता, ते सांगा."

मला आधी समजलंच नाही. मी घर, हिस्सा, वाटणी, सगळ्याची तयारी करून गेले होते, आणि ही सपरीचं विचारत होती. मग तिनं सांगितलं. डोंग्यात बसून, शिंगाड्यांच्या ढिगावर हात ठेवून, फार न बोलता.

तिच्या बापाचं एक मोठं जाळं होतं. मरताना त्यानं ते अर्धं मुलाला दिलं आणि अर्धं मुलीला. त्यांच्या घरची तशी रीत होती. घर मुलाचं, पण जाळं दोघांचं. दर उन्हाळ्यात, पाऊस लागायच्या आधी, दोघं बहीणभाऊ ते सपरीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणायचे, फाटलेलं विणायचे आणि पुन्हा गुंडाळून टांगायचे. सपरी तेवढ्यासाठीच तेवढी लांब बांधलेली. तिच्या सासरचं घर दोन खणांचं. पाळीवर पसरलं तर ढोरं तुडवतात.

"लुगडं मी घेतलं," ती म्हणाली. "घेतलं ते घेतलं, त्याच्यावर मी बोलत नाई. पर ते लुगडं घराचं होतं. जाळ्याचं नोयतं. भावाले फोनवर इचारलं, जाळ्याचं कसं? तं म्हनते, कोनाले पायजे आता ते." ती थांबली. "तुमी भिंत घालसान का थ्या सपरीले?"

खोटं बाबांना बोलता येत नव्हतं आणि खरं बोलवत नव्हतं. म्हणून मी बोलले.

"हो. तिथं खोली काढायची आहे. माझं ऑफिस."

तिनं मान डोलावली, बांबू काठाला टेकवला आणि डोंगा पुन्हा आत लोटला. डोंगा पानांतून सरकत गेला आणि मला दिसत होतं की त्याच्याबरोबर कारध्याचं घर चाललंय, विजयादशमी चाललीय, आईची बांधलेली पोती चाललीत. तरी मला वाटत होतं की जाऊ दे.

"थांबा, बाई," बाबा म्हणाले. त्यांनी चपला काढल्या आणि चिखलात उतरले. "नाई घालत भिंत."

"बाबा."

"नाई घालत म्हनलं ना."

मग आमचं तिथंच जुंपलं, हलक्या आवाजात, तिला ऐकू जाऊ नये म्हणून. मी सांगितलं की ही अट नाही, घरावरचा बोजा आहे. हिला शेवट नाही. उद्या घर विकायचं म्हटलं तर घेणारा विचारेल हे काय आहे. बँक कर्ज द्यायची नाही. आणि मग माझ्या तोंडून जे निघालं ते वकिलाचं नव्हतं, मुलीचं होतं. मी म्हटलं, "जन्मभर खिळा ठोकायची परवानगी मागितलीत. आता स्वतःच्या घरात भिंत बांधायची तरी दुसऱ्याला विचारायचं?"

बाबा पाण्याकडे बघत होते. "आजवर मीच मागितली परवानगी," ते म्हणाले. "कोनाले द्याची पाळी कधी आली नाई. आज देऊन राहिलो. तू लिव."

मला रडू येत होतं आणि रागही. मी पाळीवर बसले, गुडघ्यावर फाइल ठेवली आणि लिहिलं. लिहिताना मात्र डोकं ताळ्यावर ठेवलं. शेवट नसलेली अट मी कोणासाठी लिहिली नव्हती, बापासाठीही लिहिणार नव्हते. "लिहून घेणार हे हयात असेपर्यंत सपरीस भिंत घालणार नाहीत, आणि वर्षातून एकदा पावसाळ्यापूर्वी संमती देणार हिला जाळे ताणण्यासाठी सपरी मोकळी करून देतील. जाळे सपरीतच टांगलेले राहील." अट बाबांपुरती. घरावर नाही, वारसांवर नाही.

ती पुन्हा काठाला आली. मी वाचून दाखवलं.

"अन् याहीच्या मागं?" तिनं लगेच विचारलं, बाबांकडे बोट करून.

"त्यानंतर अट संपते."

"हे तू लिवलं का, पोरी?"

"हो."

"हुशार हायेस," ती म्हणाली. कौतुक वाटावं असं तिच्या आवाजात काही नव्हतं. बाबांनी पिशवीतलं लुगडं पुढे केलं. तिनं ते घेतलं नाही. "लुगडं राहू द्या. लुगड्यानंच हे समदं झालं." मग तिनं स्वतःची अट सांगितली. उद्या सकाळी शिंगाड्याचा व्यापारी गाडी घेऊन येणार होता. त्यानं माल उचलला तर ती पुढची गाडी धरून भंडाऱ्याला येईल. नाही आला तर माल सोडून ती हलणार नाही. "पिकल्यावर एक दिस बी थांबत नाई हे," ती म्हणाली आणि निघून गेली.

परतीच्या गाडीत मी हिशेब करत होते. बाबांचं घर बहिणीच्या सहीवर, सही व्यापाऱ्यावर, व्यापारी गाडीवर, आणि त्या गाडीचा टायर कसा आहे कोणाला माहीत. यातलं मी काहीही लिहून घेऊ शकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी विक्रीपत्र टाइप करून रजिस्ट्री ऑफिसात बसले. सुटीच्या आदला दिवस म्हणून गर्दी होती. बाबा नवा शर्ट घालून बाकावर. भाऊही आला होता, पण तो दाराशी उभा होता आणि सारखा रस्त्याकडे बघत होता. दुपार झाली. नंबर पुकारले जात होते. आमचा नंबर आला तेव्हा मी तो मागे ठेवायला सांगितला. पुन्हा आला, पुन्हा मागे ठेवला. क्लार्क म्हणाला, "मॅडम, आता शेवटचा घेतो, मग मशीन बंद." भाऊ बाबांजवळ आला आणि म्हणाला, "जाऊ द्या भाऊ. नाई येत ते. मी वळखतो तिले." त्याला सुटल्यासारखं वाटत होतं. बाबांनी फक्त शर्टाचं वरचं बटण लावलं.

ती आली तेव्हा क्लार्क खुर्ची मागे सारत होता. डोक्यावर शिंगाड्याची गाठोडी, अंगावर धुवट लुगडं. भावाचा चेहरा उतरला तेव्हा मला समजलं की तेरवीचं लुगडं ते हेच असणार. त्याच्याकडे तिनं पाहिलं नाही. टेबलापाशी येऊन मला म्हणाली, "वाच. समदं."

मी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. "हयात असेपर्यंत" या शब्दांवर तिनं हात वर केला.

"हे तसंच ठेवलं?"

"तसंच आहे."

तिनं बाबांकडे पाहिलं. मग बसली आणि अंगठा पुढे केला. आता अंगठा उठेना. शिंगाड्याच्या काट्यांनी कातडी चिरलेली, रंगलेली. पहिला ठसा नुसता डाग. दुसराही तसाच. क्लार्क कटकट करायला लागला. उद्या नाही, परवाही नाही, मुदत आज. मी माझ्या ओढणीनं तिचा अंगठा पुसला, जोरात, तिला लागलं असेल. आईनं माझ्या डब्याला बांधलेल्या फडक्याला तेलाचा हात होता, त्यानं पुन्हा पुसला. तिसऱ्यांदा रेघा उमटल्या, पुसट, पण उमटल्या. क्लार्कनं तो ठसा दिव्याखाली धरला आणि म्हणाला, "चालेल."

दसऱ्याला आम्ही वंदना घेतली ती सपरीत, डोक्यावर ते जाळं टांगलेलं असताना. आई म्हणाली, माशांचा वास येतो. बाबा म्हणाले, येऊ दे.

त्यानंतर ती दर उन्हाळ्यात यायची. भाऊ नागपूरहून कधी आला नाही, म्हणून दुसरं टोक बाबांनी धरलं. पहिल्या वर्षी नुसतं धरलं, मग चपटी सुई हातात घेतली. त्यांनी मारलेल्या गाठी ती सोडवून पुन्हा मारायची आणि ते लाजून हसायचे. ती त्यांना भाऊ म्हणायची, म्हणून मला तिला आत्या म्हणावं लागलं. माझं टेबल आतल्या खोलीच्या कोपऱ्यात, पक्षकार सपरीत जाळ्याखाली. मी दरवर्षी कुरकुर करायचे आणि बाबा दरवर्षी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

बाबा एका हिवाळ्यात गेले. ते दुखणं मी इथं लिहिणार नाही. तेव्हा पुष्कळ गोष्टी संपल्या. त्यांत ती अटही संपली, आणि ती संपली हे मी सोडून कोणाच्या लक्षातही नसेल असं मला वाटलं. वर्ष सरलं नव्हतं तोवर मी गवंडी बोलावला. बाबांनाच ते ऑफिस हवं होतं, असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. गवंड्यानं सपरीत फक्कीची पांढरी रेघ मारून दिली. विटा सांगायच्या राहिल्या होत्या.

त्या उन्हाळ्यात आत्या नेहमीपेक्षा लवकर आली, टेम्पो घेऊन. आईजवळ बराच वेळ बसली. मग बाहेर आली, रेघ पाहिली, ओलांडली, स्टूल ओढलं आणि वाशांवरच्या दोऱ्या सोडायला लागली.

"आत्या, काहून काढून राहिली?"

"कागद संपला ना, पोरी. तूच तं लिवलं." ती रागानं बोलली नाही. मला ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. "एवढ्या खेपेले पसरू दे. फाटेल हाये ते इनतो अन् घेऊन जातो."

तिनं जाळं खाली उतरवलं, आपलं टोक घेऊन सपरीच्या त्या कडेला जाऊन बसली आणि सवयीनं मान वर केली. दुसरं टोक बाबांच्या जागेवर पडलेलं होतं, पांढऱ्या रेघेवर. तिनं मान खाली घातली आणि एकटीच विणायला लागली. जाळं तिच्याकडून सैल पडत होतं, गाठ बसत नव्हती.

मी आतून बघत होते. माझ्यासमोर एक करार होता, त्यातलं एक वाक्य अर्धं लिहून झालं होतं. मी उठले, बाहेर आले आणि बाबांच्या जागेवर बसून टोक उचललं. ते मला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ जड होतं.

रस्त्यावर टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला.

"जा तू," मी बसल्या जागेवरून त्याला सांगितलं. "इथून काही न्यायचं नाही."

आत्यानं सुईवरून नजर काढली नाही.

"टोक ढिल्लं नोको सोडू," ती म्हणाली.